शिक्क्याची सुईण

एका गावाला एकच वेस होती, आणि त्या वेशीवर एक वेसकर होता ज्याचा डावा गुडघा दुखायचा. सगळं गाव त्या गुडघ्याच्या भरवशावर जगत होतं. कसं, ते सांगतो.

गावाच्या खालच्या अंगाला एक पाणथळ होतं. हिरवं, गुळगुळीत, वारा सुटला तरी न हलणारं. भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की त्या पाणथळातून माणसं वर यायची. माणसं म्हणायचं आपलं. कपडे बरे, केस विंचरलेले, चेहरा हसरा. चिखलातून वर यायची आणि अंगावर चिखलाचा थेंब नसायचा.

ती कुणाला खायची नाहीत. रक्त प्यायची नाहीत. मानगूट धरायची नाहीत. फक्त घरात यायची आणि म्हणायची, "दोनच मिनिटं बोलायचं होतं."

आता, दारात आलेल्याला बसा म्हणायचं ही त्या गावाची रीत. पाणी द्यायचं, गुळाचा खडा द्यायचा आणि तो बोलेल ते ऐकून घ्यायचं. कुणाचं बोलणं मधेच तोडलं तर आईबापानं वळण लावलं नाही असं व्हायचं. म्हणून लोक ऐकायचे. पाहुणा बोलायचा, घरचा माणूस मान हलवायचा. चुलीवरचं दूध उतू जायचं, गाय हंबरून गप्प व्हायची, पोर रडून रडून झोपायचं. पाहुणा कधीतरी उठायचा आणि निघून जायचा. घरच्या माणसाची मान हलतच राहायची.

कायमची.

गावात अशी बरीच माणसं झाली होती. घरचे त्यांना सकाळी अंगणात उन्हाला आणून ठेवायचे आणि तिन्हीसांजेला आत घ्यायचे, वाळवणासारखं. डोळे उघडे, मान हळूहळू खालीवर, आणि अधूनमधून "हो का" नाहीतर "अस्सं". पाहुणा काय बोलला असं विचारलं तर म्हणायची, "अस्सं."

वेसकर केरबाची बायको त्यातलीच एक. ती डोलायला लागली तेव्हा त्यांची लेक ठकू रांगत होती. केरबानं एका हातानं लेक वाढवली आणि दुसऱ्या हातानं वेस धरून बसला. बायको गेली तशी लेक जाऊ द्यायची नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

पण आलेला माणूस जिवंत आहे की पाणथळातला, हे ओळखायचं कसं? सावली बघावी, तर भर दुपारी सगळ्यांचीच सावली पायाखाली गोळा झालेली. पूर्वी म्हणे त्यांचे पाय उलटे असायचे. लोक तसं बोलायला लागल्यावर त्यांनी ते सरळ करून घेतले. मग कुत्री त्यांच्यावर भुंकायला लागली, तर ती येताना भाकरी आणायला लागली. गावानं काहीही नेम केला की थोड्या दिवसांत ती तो शिकून यायची.

शेवटी केरबाला एक युक्ती सापडली, तीही चुकून. बसल्या बसल्या तो येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या गुडघ्याची गोष्ट सांगायचा. मामाच्या लग्नात वरातीचा बैल उधळला, तिथून ती सुरू व्हायची. मग बैल कुठून आणला होता, तो विकणाऱ्याचा भाऊ काय करायचा, कुठल्या वैद्यानं कुठला पाला बांधला. जिवंत माणूस असेल तर तो बैलापर्यंत कसाबसा थांबायचा. मग म्हणायचा, "बाबा, उन्हाचं सोडा आत. पुढच्या वेळी सांगा."

पाणथळातला माणूस असं कधी म्हणायचा नाही. तो उन्हात उभा राहून हसत विचारायचा, "मग पुढं काय झालं?"

पापणीसुद्धा लवायची नाही. पाला सुकून गळून पडला इथपर्यंत गोष्ट आली तरी, "मग?"

असं झालं की केरबा म्हणायचा, "परत जा." तो वाईट वाटून घ्यायचा नाही. वळायचा, पाणथळात शिरायचा, आणि पाण्यावर साधा तरंगही उठायचा नाही.

असं बरं चाललं होतं. पण एकदा केरबाकडून चूक झाली. पाटलाचा मुलगा बघायला पलीकडच्या मुलुखातून एक गृहस्थ आले होते. ते वेशीवर उभे राहिले, गोष्ट ऐकली, पूर्ण ऐकली. केरबानं त्यांना हाकलून दिलं. सोयरीक मोडली.

पाटील वेशीवर आले. "केरबा, तो जिवंत माणूस होता."

"पाटील, त्यांनी सगळी गोष्ट ऐकली. मधे एकदा जांभई नाही."

"मुलीचा बाप होता तो. तो काय मधे बोलणार?"

"वर उजव्या गुडघ्याचीही चौकशी केली."

"मुलीचा बाप होता," पाटील पुन्हा म्हणाले, आणि कपाळाला हात लावून तिथंच बसले.

त्याच सुमाराला खालच्या तिठ्यावर एक पारखी येऊन बसला. छत्री, चौरंग, हिरव्या शाईची वाटी. तो पाटलांना म्हणाला, "मी माणसं पारखतो. ज्याची खात्री पटेल त्याच्या तळहातावर शिक्का मारतो. तुम्ही फक्त शिक्का बघायचा आणि आत सोडायचं. चांगल्या माणसाचा अपमान नको, गुडघा नको."

"आणि तुम्हाला काय द्यायचं?"

"तुम्ही कशाला? ज्याला आत यायचंय तो घालेल मला जेवायला."

पाटलांना हे फार आवडलं. पंचांनाही आवडलं. गावानं नेम केला: शिक्का असेल त्याला वेसकरानं एक शब्द विचारायचा नाही. शिक्का नसेल त्यानं गुडघा ऐकायचा.

सुरुवातीला शिक्क्यावर आत आलेले खरंच बरे निघाले. एक कासार आला, बांगड्या भरून गेला. एकाचा चुलता आला, दोन दिवस राहून भांडून गेला. लोक म्हणाले, बघा, किती सोपं होतं. मग शिक्केवाले वाढले. मग एक गवंडी डोलायला लागला. लोक म्हणाले, ऊन लागलं असेल. मग एक तरणी बाई डोलायला लागली. लोक म्हणाले, तिची आजीही जरा तशीच होती. शिक्क्यावर कुणी संशय घेतला नाही. शिक्का हिरवागार आणि स्वच्छ होता, आणि तळहात पुढं करताना माणूस किती छान हसायचा.

ठकू बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई ज्ञानबा तिच्याबरोबर आलेला. त्या दिवशी सकाळपासून तिला कळा सुरू झाल्या आणि दुपार झाली तरी मोकळी होईना. पलीकडच्या गावच्या सुईणीला सांगावा गेला होता. केरबानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तो वेशीवर बसून होता, आणि मागून घरातलं लेकीचं कण्हणं वेशीपर्यंत ऐकू येत होतं.

ऊन डोक्यावर आलं. पायवाटेवरून एक बाई आली. पांढरं लुगडं, हसरा चेहरा.

केरबा उठून उभा राहिला. "सुईण ना?"

"तुमच्या लेकीकडंच आलेय," बाई म्हणाली, आणि तळहात पुढं केला. हिरवा शिक्का.

केरबाच्या ओठावर गुडघा आला होता. मामाचं लग्नही आलं होतं. पण नेम होता, लेक कण्हत होती, आणि खरं सांगायचं तर तो शिक्का बघून त्याला बरं वाटलं. किती वर्षांनी काहीतरी त्याला ठरवावं लागणार नव्हतं.

"जा बाई, लवकर जा. ते बघा, आंब्याखालचं घर."

ती गेली. थोड्या वेळानं कण्हणं थांबलं. केरबानं हात जोडले. सुईण हाताची चांगली दिसतेय, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात शेताच्या बांधावरून दुसरी एक बाई खाली उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, अंबाडा सुटलेला, काखेत गाठोडं, आणि बांध बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला.

"तूच का वेसकर? हो बाजूला."

"कोण तुम्ही?"

"बयजाक्का. तुझी लेक अडलीय ना? सुईण आहे मी."

"सुईण आत गेलीय, बाई."

"कुठली? मी सोडून या भागात दुसरी सुईण झाली कधी? तसं कळवायचं तरी, मी घरी पाय पसरून बसले असते."

"तिच्या हातावर शिक्का होता," केरबा म्हणाला. "तुमच्या हातावर?"

बयजाक्कानं हात पालथा-उताणा करून दाखवला. घट्टे होते, हळदीचे डाग होते, एक जुना भाजल्याचा वण होता.

"मग तुम्हाला माझा गुडघा ऐकावा लागेल," केरबा म्हणाला. "मामाच्या लग्नात..."

"एरंडाचं तेल लाव आणि सरक. शिक्का म्हणे. आले ना मी त्या तिठ्यावरून. ही भलीमोठी रांग. तिकडं वरच्या वाडीत एक बाई अडलीय, इकडं तुझी अडलीय, मी काय रांगेत उभी राहून हातावर नक्षी काढून घेऊ? ज्याला काम आहे तो कशाला थांबेल तिथं? आणि थांबलेत ते तरी कसे. सगळे आपले हसतायत. एवढ्या उन्हात एकाच्या कपाळाला घाम नाही."

केरबानं वळून घराकडं कान दिला.

त्याला एकदम जाणवलं की घरातून कसलाच आवाज येत नाहीये. कण्हणं नाही, भांड्याचा आवाज नाही, गाय नाही.

तो पळत सुटला. वेस उघडी राहिली, पण त्या वेळी त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. मागून बयजाक्का.

अंगणात त्याची बायको उन्हात डोलत होती. ते रोजचंच. सोप्यात जावई घोंगडीवर मांडी घालून बसला होता, समोर रिकामा पाट, पाण्याचा तांब्या, गुळाचा खडा. त्याची मान खालीवर होत होती.

"ज्ञानबा," केरबा म्हणाला.

"अस्सं," जावई म्हणाला.

बिचारा. सासुरवाडीला आलेला माणूस, नाही म्हणायची चोरी.

आत, बाजेजवळ पांढऱ्या लुगड्यातली बाई बसली होती आणि बोलत होती. ठकूचं तोंड तिच्याकडं होतं. तिची मान हलायला लागली होती, अजून थोडीशीच, झाडावरचं एखादं पान हलावं तशी. बाईचा आवाज असा गोड आणि सपाट होता की उंबऱ्यात उभ्या केरबाचीही हनुवटी एकदा खाली गेली.

बयजाक्कानं त्याला ढकलून वाट काढली आणि ठकूच्या पोटावर हात ठेवला. मग कान ठेवला. तिचा चेहरा उतरला.

"पोरही थांबलंय," ती हळूच म्हणाली. "ऐकतंय."

"दोनच मिनिटं," पांढऱ्या लुगड्यातली बाई म्हणाली, आणि पुढं बोलू लागली.

"बोल की," बयजाक्का म्हणाली. "तुझं तोंड, तुझं बोलणं. वेसकरा, पाणी तापवलंय का? नाही. कापडं कुठायत? हे फडकं कुणी आणलं, यानं मी भांडंसुद्धा पुसणार नाही. एवढ्या माणसांच्या घरात एक विस्तव नीट पेटवता येत नाही का? ठकू, ए ठकू, पाय घे जवळ. ऐकते काय मेली. ती काय तुझ्यासाठी कळा देणार आहे?"

बयजाक्काला ऐकायची सवयच नव्हती. आयुष्यभर तिच्यासमोर बायका ओरडत आल्या होत्या, आणि ती त्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलत आली होती. ती बोलत राहिली आणि दोन्ही हातांनी पोट चोळत राहिली. खोलीत दोन आवाज एकमेकांवर आपटत होते. केरबा विस्तवाला फुंकर घालत होता, आणि मान हलू नये म्हणून हनुवटी खांद्याला दाबून धरत होता.

आणि एक कळ आली. मोठी. ठकूची मान मधेच अडकली, तिनं दात आवळले, आणि पाहुणीकडं बघून म्हणाली, "गप्प बस गं."

त्या गावात पाहुण्याला असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

बाई गप्प झाली. पण तोंड मिटायचं राहिलं. त्या उघड्या तोंडात आत, जीभ असते तिथं, हिरवं पाणी होतं. गुळगुळीत आणि स्थिर.

मग तिनं हळूच तोंड मिटलं आणि मऊपणानं विचारलं, "आत्ता अडचण असेल तर कधी येऊ? तुम्हाला कुठली वेळ बरी पडते?"

"कधीच येऊ नको," ठकू म्हणाली.

"बरं. तुमचं घर वगळायला सांगते. त्याला थोडे दिवस लागतात." असं म्हणून ती उठली, जावयाला सोप्यात हसून नमस्कार केला आणि उन्हात निघून गेली.

दिवस कलायच्या आत ठकूला मुलगी झाली. ती रडायला लागली ती कुणाचंच ऐकेना, आणि घरात सगळ्यांना फार बरं वाटलं. जावयाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आणून ठेवलं, सासूच्या शेजारी. दोघांची मान एकाच लयीत हलत होती. कुणीतरी पाळणा त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. "हो का," जावई म्हणाला.

केरबानं पाटलांना बरोबर घेतलं आणि तिठा गाठला. रांग होतीच. हसरी, गप्प.

"तुम्ही पाणथळातल्या बाईला शिक्का मारला," पाटील म्हणाले.

"हो," पारखी म्हणाला. "मी तिला विचारलं, तू कुठली. ती म्हणाली, पाणथळातली. मी स्वतः पाणथळापर्यंत जाऊन बघून आलो. खरंच तिथलीच निघाली. मग मारला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"खात्री होती." पारखी जरा दुखावला होता. "मी उगाच कुणालाही मारत नाही. मागं एक जण आला, म्हणाला मी राजाचा भाचा. चौकशी केली, नव्हता. दिला हाकलून. शिक्क्यावर काय आहे ते वाचलंत का तुम्ही?"

पाटलांनी रांगेतल्या पहिल्या माणसाचा हात धरला. हात गार होता. हिरव्या शाईत दोनच शब्द होते: हा तोच.

"आम्हाला वाटलं, चांगला माणूस असा त्याचा अर्थ," पाटील म्हणाले.

"तसं मला कुणी विचारलंच नाही. आणि मी कसं सांगणार? आत गेल्यावर कोण काय करतो ते तुम्हाला दिसतं. मी इथं तिठ्यावर."

"आता तर दिसलं ना," केरबा म्हणाला. "माझा जावई गेला. आता पुसा तिचा शिक्का."

"का म्हणून? ती अजून तीच आहे."

पाटील माघारी वळले. परत येताना ते म्हणाले, "केरबा, उद्यापासून शिक्का दिसला की सरळ हाकल."

"नको, पाटील. त्या कासाराच्या हातावरही शिक्का होता आणि तो भला माणूस होता. राजाचा खोटा भाचा आला नाही, हेही खरं. शिक्का बघीन मी. कोण आहे ते कळलं तर बरंच आहे, एकदा ज्यानं घर बुडवलं त्याला पुन्हा वेशीतून सोडायचं नाही एवढं तरी करता येईल. पण बाकीचं मीच विचारीन. शिक्का असो, नसो."

"आणि मुलीचा बाप आला तर?"

"तर तुम्हाला बोलवायला पाठवीन कुणाला तरी. तुम्ही या. सोयऱ्याला तुम्ही ओळखाल, मी कसा ओळखणार?"

पाटलांनी मान हलवली. मग दचकून थांबवली.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा वेशीपुढं पारखी उभा होता. छत्री नाही, चौरंग नाही.

"तुमच्या जावयाचं कळलं. भेटून यावं म्हटलं," तो म्हणाला, आणि तळहात पुढं केला. हिरवा शिक्का.

केरबानं तो नीट वाचला. "हा कुणी मारला?"

"मीच. मला माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखतं?"

केरबानं त्याच्या पायांकडं बघितलं. तिठ्यावर लाल धूळ घोटाभर आहे. पारखी तिथून चालत आला होता आणि त्याच्या वहाणेवर धुळीचा कण नव्हता.

केरबानं वेशीची दोन्ही दारं ओढली आणि अडसर घातला.

बाहेरून आवाज आला, अगदी समजूतदार. "काही हरकत नाही. मी थांबतो."

तो अजून थांबलाय. दुपारी फळीला कान लावला तर शाई वाळवायला कुणी तळहातावर फुंकर घालावी तसा आवाज येतो म्हणतात. मी लावलेला नाही.

तात्पर्य असं: शिक्का फार तर हा कोण एवढं सांगतो. हा कशाला आलाय, ते ज्याचं दार त्यानंच बघायचं असतं. आणि शिक्का मारणाऱ्याला जेवायला कोण घालतं, हे शिक्का मान्य करायच्या आधी विचारावं.